पहिला खेटा घालताय? मग एवढं वाचून निघा

माघ पौर्णिमा उलटली की पुढच्या रविवारी पहाटे तीन-साडेतीनलाच कोल्हापुरात गंगावेशीकडून पंचगंगेकडे अनवाणी माणसांची रांग लागते. कुणाच्या खांद्यावर टॉवेल, कुणाच्या हातात बॅटरी, कुणाच्या कडेवर झोपलेलं पोर. शहरात नोकरीला किंवा शिकायला नव्यानं आलेला माणूस दारात उभा राहून विचारतो, "एवढ्या रात्री ही मंडळी निघाली कुठं?" गर्दीतून उत्तर येतं, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" सांगणाऱ्याच्या मते उत्तर देऊन झालेलं असतं. विचारणाऱ्याच्या पदरात काहीच पडलेलं नसतं.

हा लेख त्या विचारणाऱ्यासाठी आहे. मी बरीच वर्षं खेटे घालतोय, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर पायी जातोय, आणि त्यातले निम्मे तरी काही ना काही चूक करून घातलेत, त्यामुळं सांगण्यासारखं बरंच साठलंय.

आधी गोष्ट, मग पिशवी

कचेरीत एका दाखल्यासाठी चार हेलपाटे पडले की आपण म्हणतो, "खेटे घालून दमलो बाबा." जोतिबाचे खेटे म्हणजे तोच शब्द. एकदा जाऊन भागत नाही, पुन्हा पुन्हा जायचं. माघ पौर्णिमेनंतरचे पाच रविवार कोल्हापुरातून जोतिबाच्या डोंगरापर्यंत पायी जायचं, ही रीत. रविवार का, तर तो जोतिबाचा वार.

आणि पायी का, याला गोष्ट आहे. या मुलखात रत्नासुरानं आणि कोल्हासुरानं उच्छाद मांडला होता. अंबाबाईच्या मदतीला हिमालयातून केदारनाथ दक्षिणेत उतरले. तेच आपले जोतिबा, केदारलिंग. पौगंड ऋषी आणि विमलांबुजा यांच्या तपाला फळ आलं आणि ओंजळीत ज्योतीच्या रूपानं देव प्रकटला, म्हणून नाव जोतिबा, असं सांगतात. त्यांनी या डोंगरावर रत्नासुराला मारलं, म्हणून डोंगराला रत्नागिरी आणि वस्तीला वाडी रत्नागिरी हे नाव पडलं. काम झालं, आता परत हिमालयात जावं म्हणून देव निघाले. ते कळताच अंबाबाई कोल्हापुरातून अनवाणी निघाली, डोंगर चढली आणि त्यांना म्हणाली, जाऊ नका. देव थांबले. दक्षिणेकडं तोंड करून इथंच बसले आणि दख्खनचा राजा झाले.

खेटा म्हणजे अंबाबाईची ती चाल. आपण तिच्या मागून निघतो. वाटेत बायका-पोरांची एवढी गर्दी का असते, लोक घाईनं दर्शन घेऊन पळण्यापेक्षा चालण्याला एवढं महत्त्व का देतात, हे गोष्ट माहीत असली की आपोआप समजतं.

मला या भागातल्या देवांचं एक फार आवडतं. ते रुसतात. कोल्हासुराला मारल्यावरच्या आनंदात अंबाबाई त्र्यंबुलीला, म्हणजे टेंबलाईला, बोलवायला विसरली, तर ती रुसून टेंबलाईच्या टेकडीवर जाऊन बसली. म्हणून अजून दर ललितापंचमीला अंबाबाईची पालखी तिला भेटायला टेकडीवर जाते आणि तिथं कोहळा फोडतात. जोतिबाच्या डोंगरावर यमाईच्या रुसव्याची गोष्ट आहे, ती पुढं येईल. एक जण रुसणार किंवा निघून जाणार आणि दुसरा त्याला आणायला पायपीट करणार, असा इथला हिशेब आहे. आपण माणसं त्यात मागनं सामील झालेलो.

तयारी

दिवस ठरवताना कॅलेंडरात माघ पौर्णिमा शोधा आणि तिच्यानंतरचे पाच रविवार मोजा. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. पाचही करायलाच हवेत असा कुणी दंडुका घेऊन उभा नसतो. पहिल्या वर्षी एक करा, जमला तर पुढचे करा. पहिल्या आणि शेवटच्या रविवारी गर्दी जास्त, त्यामुळं नवख्यानं मधला रविवार धरावा हे माझं मत.

आदल्या रात्री जेवण हलकं ठेवा. रविवारी मटण नाही, हे सांगायला नको, पण सांगतो. कोल्हापूरकरासाठी अनवाणी चालण्यापेक्षा सलग पाच रविवार तांबडा-पांढरा सोडणं हाच मोठा नेम आहे. जोतिबा ज्यांचं कुलदैवत, अशा कितीतरी घरांत तर वर्षभर रविवारी मटण शिजत नाही. तिथली पोरं बुधवार-शुक्रवारवर डोळे लावून मोठी होतात.

कपडे जुने घाला, शक्यतो असे की परत नाही घातले तरी चालेल. कारण गुलाल. निघण्यापूर्वी केसांना आणि चेहऱ्याला खोबरेल चोळून घ्या, म्हणजे रात्री रंग सुटतो. पिशवीत पाण्याची बाटली, टॉवेल, रुमाल, थोडे गूळ-शेंगदाणे, बॅटरी आणि एक जोड चपला टाका. अनवाणी जाणार असलात तरीही चपला टाका. का, ते परतीच्या वेळी सांगतो.

अनवाणी चालायची सवय नसेल तर दोन आठवडे आधीपासून रोज सकाळी थोडं चाला. मधुमेह असेल, पायाला जखम असेल तर सरळ चपला घालून जा. वडणगेच्या पुढं मला एकदा एक आजी भेटल्या होत्या. पायात बूट घातलेल्या एका पोराला कुणीतरी टोमणा मारला, तर त्या म्हणाल्या, "देव पाय बघत न्हाई बाळा, यायला निघालास ते बघतोय." टोमणा मारणारा पुढं बराच वेळ गप्प चालत होता.

वाट

सुरुवात पंचगंगा घाटावरून. ज्यांना जमतं ते अंघोळ करतात, बाकीचे हात-पाय धुऊन डोळ्यांना पाणी लावतात. मग शिवाजी पूल ओलांडायचा. पुलानंतर वाहनांचा मोठा रस्ता पन्हाळ्याकडं आणि कोकणातल्या रत्नागिरीकडं जातो. पायवाटेची मंडळी वडणगे, निगवे, कुशिरे, गायमुख अशी जातात. वाट विचारायची वेळ येत नाही, पुढच्याच्या पाठीमागं चालत राहायचं. एकूण सतरा-अठरा किलोमीटर होतात. सवयीच्या माणसाला चार तास पुरतात, नवख्यानं पाच-साडेपाच धरावेत.

निगव्यापर्यंतची वाट सपाट आहे आणि दोन्ही बाजूंना ऊस. या दिवसांत गुऱ्हाळं चालू असतात. पहाटेच्या गारव्यात काहिलीतल्या रसाचा वास येतो आणि पोटात कालवाकालव होते. इथं माणसं गप्पा मारत चालतात, आणि इथंच नवखा माणूस फसतो. पाय ताजे असतात, रस्ता सोपा असतो, म्हणून तो तावातावानं सगळ्यांना मागं टाकतो. कुशिऱ्याच्या पुढं चढ लागला की तीच सगळी मंडळी चांगभलं करत त्याच्या बाजूनं निघून जातात. पहिल्या टप्प्यात मुद्दाम हळू चाला.

वाटेत जागोजागी चहा, सरबत, केळी, साबुदाण्याची खिचडी वाटणारे असतात. घ्या, पण प्रत्येक ठिकाणी नको. भरल्या पोटानं डोंगर चढवत नाही. आणि कप-द्रोण हातातच ठेवून पुढं टोपलीत टाका. उसाच्या कडेला पांढऱ्या कपांची माळ बघितली की आपल्याच माणसांची लाज वाटते.

गायमुखाशी थांबा. गाईच्या मुखातून पडणारं पाणी आणि तळं असलेली ही जागा म्हणजे चढणीआधीचा विसावा. तोंड धुवा, पाय दोन मिनिटं गार करा, पिशवीतला गूळ खा. उजाडलेलं असतं. मागं वळून पाहिलं तर खाली उसाचा हिरवा पट्टा आणि त्यातून अजून येत असलेली माणसांची ओळ दिसते.

तिथून पुढं खरा चढ. दम लागला की कडेला व्हा. मधोमध उभं राहू नका, मागनं कुणीतरी म्हाताऱ्या आईला हाताला धरून आणत असतं. अंगातलं बळ कमी पडायला लागलं की आपोआप आवाज मोठा होतो. एक जण "जोतिबाच्या नावानं" म्हणतो, पन्नास जण "चांगभलं" म्हणतात. तुम्हीही म्हणा, लाजू नका. चांगभलं म्हणजे चांगलं होवो, भलं होवो. त्यात देवाकडं काही मागणं आहे आणि शेजारच्याला दिलेली सदिच्छाही आहे.

डोंगरावर पोचल्यावर

इथून रांगेत किती वेळ जाईल ते गर्दीवर. खेट्याच्या रविवारी दोन-तीन तासांची तयारी ठेवा. उभं राहण्याची ताकद नसेल तर शिखराचं दर्शन घेऊन हात जोडले तरी खेटा पुरा होतो, असंच जुनी माणसं मानतात.

वाडीवर बहुतेक वस्ती गुरव पुजाऱ्यांची आहे. ज्या घराण्यांचं जोतिबा कुलदैवत आहे, त्यांचा एकेक ठरलेला गुरव असतो. पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरी उतरायचं, त्याच घरून पुरणपोळीचा नैवेद्य जायचा. तुमच्याही घरी असं काही असेल. निघण्याआधी आई-वडिलांना किंवा आत्याला फोन करून विचारा, "जोतिबाला आपला गुरव कोण?" शहरात वाढलेल्या कितीतरी जणांना डोंगरावरच्या या नात्याचा पत्ता नसतो, आणि तिकडं मात्र आजोबांचं नाव सांगितल्याबरोबर घरच्यासारखं पाणी पुढं येतं.

देवळाचं आवार घाईनं ओलांडू नका. मूळ देऊळ कराडजवळच्या किवळ गावच्या नावजी नावाच्या भक्तानं बांधलं, असं सांगतात. आज आपण पाहतो ते केदारलिंगाचं देऊळ १७३० मध्ये राणोजी शिंदे यांनी बांधलं. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे हेच मूळ पुरुष, आणि जोतिबा त्यांचं कुलदैवत. शेजारचं केदारेश्वराचं देऊळ त्याच घराण्यातल्या दौलतराव शिंद्यांनी १८०८ मध्ये बांधलं. तिसरं लहानसं रामलिंगाचं, साधारण १७८० मधलं, मालजी निलम पन्हाळकर यांनी बांधलेलं. मध्ये चोपडाई देवीचं देऊळ आहे, ते १७५० मध्ये प्रीतिराव चव्हाण हिंमतबहादूर यांनी उभारलं. सगळं काम काळ्या दगडाचं, पण रविवारी तो दगड काळा दिसेल तर शपथ. वर्षानुवर्षांच्या गुलालानं पायऱ्या, खांब, दीपमाळा, सगळं गुलाबी झालंय.

केदारेश्वरासमोर एक नजर टाका. तिथं दोन नंदी आहेत. लहान मुलं सोबत असली तर त्यांना "इथं काय वेगळं आहे, शोधा" म्हणून सोडून द्यावं, रांगेचा वेळ जातो.

गाभाऱ्यात देव उभा आहे. चार हात. खड्ग, डमरू, त्रिशूळ आणि अमृतपात्र. समोर आलात की फोन खिशात ठेवा आणि पुजारी "चला" म्हणायच्या आत डोळे भरून बघून घ्या. कितीही तयारी केली तरी "चला" लवकरच येतं.

गुलाल-खोबरं

दुकानांच्या गल्लीत गुलाल, सुकं खोबरं आणि चैत्र जवळ आला असेल तर दवणा मिळतो. दवणा ही सुवासिक पाल्याची जुडी. देवाला वाहतात, उरलेली घरी आणतात. दोन दिवस कपाटाला वास राहतो.

गुलाल-खोबरं शिखराकडं उधळायची रीत आहे. इथं माझी कळकळीची विनंती अशी की खोबऱ्याची अख्खी वाटी फेकू नका. हातानं बारीक तुकडे करा, गुलालात मिसळा आणि मूठ वर सोडा. मला एकदा कुणाच्या तरी भक्तीची अर्धी वाटी थेट भुवईवर बसली होती. पुढं आठवडाभर ऑफिसात सगळे विचारत होते, भांडण कुणाशी झालं?

गुलाल थोडाच घ्या, सुटा, हलका. उधळताना तोंड मिटा, लहान मुलांच्या डोळ्यांवर हात धरा. पडलेलं खोबरं माणसं उचलून तोंडात टाकतात, तो प्रसाद. गुलालाची चव लागते, पण नाही म्हणायचं नसतं.

यमाईला न चुकता जा

नवखी मंडळी मुख्य देवळातून थेट गाडीतळाकडं वळतात आणि यमाई राहून जाते. मुख्य देवळापासून थोड्याच अंतरावर तिचं देऊळ आहे, तेही राणोजी शिंद्यांनी बांधलेलं. समोर दोन तीर्थकुंडं. त्यातलं एक कोल्हापूरच्या राणी जिजाबाईसाहेबांनी १७४३ च्या सुमारास बांधलं, दुसरं जमदग्नितीर्थ राणोजींनी.

यमाईचं मूळ ठाणं सातारा जिल्ह्यातलं औंध. औंधासुराशी लढताना जोतिबानं "ये माई" अशी हाक मारली, तीच यमाई, असं माझी आज्जी सांगायची. पुढं विजयाच्या सोहळ्यात तिला बोलवायचं राहून गेलं आणि ती रुसली. मग देव स्वतः औंधला तिची समजूत घालायला गेले, तेव्हा कुठं तिनं डोंगरावर यायचं कबूल केलं. आज्जी ही गोष्ट सांगताना दर वेळी आजोबांकडं बघायची, ते वेगळं.

चैत्र पौर्णिमेला संध्याकाळी जोतिबाची पालखी यमाईच्या भेटीला येते आणि तिथं यमाईचं जमदग्नीशी लग्न लागतं. जमदग्नीच्या जागी कट्यार असते. म्हणून यमाईचं दर्शन झाल्याशिवाय डोंगर उतरू नये, असं आमच्याकडं म्हणतात.

परत येताना

आता पिशवीतल्या चपला काढून पायात घाला. मार्चमधल्या दुपारी बारा-एक वाजता डांबर असं तापतं की त्यावर भाकरी भाजावी. माझ्या पहिल्या खेट्याला मी हिरोगिरी करून उतरतानाही अनवाणी आलो. केर्लीपर्यंत तळव्यांना फोड आले आणि पुढचे तीन दिवस टाचांवर चाललो. रिवाज अनवाणी जाण्याचा आहे. येताना बहुतेक सगळे गाडीनंच येतात.

उतरण्याआधी झुणका-भाकरी, खर्डा, दही असं काहीतरी खाऊन घ्या. डोंगरावरून कोल्हापूरला एसटीच्या गाड्या सुटतात, वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या, जीपाही मिळतात. खेट्याच्या दिवशी गाडीला धक्काबुक्की होते, तेव्हा सोबतच्या सगळ्यांनी "चुकामूक झाली तर अमुक दुकानापाशी" असं आधीच ठरवून ठेवावं. वाडीवर रविवारी फोनला रेंज कमी आणि गोंगाट जास्त.

पायी न जाता नुसतं दर्शनाला यायचं असेल, तर मध्यवर्ती बसस्थानकावर "जोतिबा" अशी पाटी बघून बसा. आमच्याकडं नवीन आलेल्या एका विदर्भातल्या मित्रानं "वाडी रत्नागिरी" मधलं रत्नागिरी तेवढं लक्षात ठेवलं आणि कोकणात जाणाऱ्या गाडीत बसला. रस्ता सुरुवातीला तोच असल्यानं त्याला संशयही आला नाही. उतरला तो कोकणच्या वाटेवरच्या, शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापुरात. स्वतःची गाडी असेल तर केर्लीतून वर फाटा आहे, किंवा वाघबीळहून दानेवाडीमार्गे जाता येतं. पावसाळ्यात घाटाची चौकशी करूनच निघा.

चैत्र यात्रा आणि बाकीचे दिवस

खेटे झाले की लगेच चैत्र पौर्णिमेची मोठी यात्रा येते. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, कर्नाटक, सगळीकडून लाखो माणसं येतात. बेळगावकडची मंडळी अजून बैलगाड्या घेऊन येतात. या दिवसाचं आकर्षण म्हणजे सासनकाठ्या. कापडानं मढवलेला, निशाण लावलेला उंचच उंच वेळू, चारी बाजूंनी दोऱ्या धरलेल्या, आणि हलगी-घुमक्याच्या तालावर तो तोलत नाचणारे गडी. काठ्यांना मान असतो, क्रम असतो. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या पाडळीचा, त्यामागं पाटण तालुक्यातलं विहे. हा क्रम गावोगावच्या माणसांना तोंडपाठ असतो आणि त्यावर थट्टेनंही बोलू नये.

पहिल्यांदाच येणाऱ्यानं लहान मुलं घेऊन चैत्र पौर्णिमेला येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी एखादा खेटा करा, डोंगराच्या गल्ल्या ओळखीच्या होऊ द्या. मग यात्रेला या, आणि काठ्या जिथून जातात त्या वाटेच्या अगदी कडेला उभं न राहता थोडं उंचावर, मागं उभे राहा. दोरी सुटून काठी झुकली तर पळायला जागा हवी. यात्रेनंतर पाकाळणी असते, म्हणजे देऊळ धुऊन काढतात. पुढं श्रावण शुद्ध षष्ठीला चोपडाईची यात्रा. त्या रात्री डोंगरावर धुकं इतकं उतरतं की समोरच्याचं नुसतं चांगभलं ऐकू येतं, तोंड दिसत नाही.

घरी आल्यावर अंघोळीआधी अंग कोरड्या फडक्यानं झटका. गुलालावर आधीच पाणी पडलं तर रंग बसतो, आणि मग सोमवारी सगळ्या ऑफिसला कळतं तुम्ही काल कुठं होता ते. कपडे वेगळे भिजवा. आणि ते टाकून देऊ नका, पुढच्या रविवारी तेच घालायचेत.